गोट ॲलीतल्या दोन आया : १९२७ सालच्या एका हरवलेल्या विनोदपटाची गोष्ट

१/
न्यूयॉर्क, ऑगस्ट १९२७. चित्रपटगृहात एक मूकपट चालू आहे. पडद्यावर सेंट पॅट्रिकच्या सणाची सहल रंगली आहे. दोन स्थूल, मध्यमवयीन बायका बिअरचे पेले रिचवत आहेत. आधी गळ्यात गळे घालतात, मग भांडू लागतात. प्रेक्षक हसत आहेत. तेवढ्यात अंधारातून कोणी ओरडते, दुर्गंधीचा गोळा फुटतो, पडद्याच्या दिशेने वस्तू भिरकावल्या जातात. दिवे लागतात, पोलीस येतात. पडद्यावरची भांडणे आयरिश होती आणि पडद्यासमोरचा संतापही आयरिशच होता. त्या उन्हाळ्यात हे एकदाच घडले नाही. निरनिराळ्या चित्रपटगृहांत ते पुन्हा पुन्हा घडले.

२/
चित्रपटाचे नाव ‘द कॅलाहन्स अँड द मर्फीज’. निर्मिती मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएमची. दिग्दर्शक जॉर्ज हिल, पटकथा फ्रान्सिस मॅरियन यांची. जून १९२७ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि काही महिन्यांतच स्टुडिओने तो मागे घेतला. आज त्याची संपूर्ण प्रत कुठे असल्याचे ज्ञात नाही. एका विनोदी चित्रपटावर एवढा राग का धरला गेला, आणि त्या रागाने काय मिळवले व काय गमावले, हा या धाग्याचा विषय.

३/
आधी कथा. गोट ॲली नावाची एक गरीब गल्ली; भाड्याच्या दाटीवाटीच्या खोल्या, खिडकीला खिडकी भिडलेली. एका घरात मिसेस कॅलाहन, दुसऱ्यात मिसेस मर्फी. दोघींना पोरांचे लेंढार, दोघींची जीभ धारदार. सकाळी भांडायचे, संध्याकाळी एकमेकींच्या अडचणीला धावायचे, असा त्यांचा शिरस्ता. कॅलाहनांची एलन आणि मर्फींचा डॅन यांचे प्रेम जमते. दारूबंदीच्या त्या काळात डॅन चोरट्या दारूच्या धंद्यात गुंततो आणि नाहीसा होतो. एलनला मूल होते. कॅलाहनबाई ते मूल पदरात घेतात. शेवटी डॅन परततो, दोघांनी आधीच गुपचूप लग्न केले होते हे उघड होते, आणि सगळे सुरळीत होते.

४/
कथा म्हणून यात नवे फारसे काही नव्हते. भांडणारी दोन घरे आणि त्यांच्यामधले प्रेम हा जगातल्या जुन्यातल्या जुन्या कथांपैकी एक साचा. नवेपणा कुटुंबाच्या चित्रणात होता. इथे घराचा कारभार बापाच्या हाती नाही, आयांच्या हाती आहे. आणि या आया पूजनीय नाहीत. त्या पितात, शिव्या मोजतात, हाणामारी करतात आणि तरीही मुलीवर बदनामीची वेळ आली की तिच्यामागे उभ्या राहतात. आई म्हणजे डोक्यावर शाल, हातात जपमाळ, डोळ्यांत पाणी, ही ठरीव प्रतिमा या दोघींनी मोडली होती. चित्रपटाची गंमत तीच होती आणि त्याचा अपराधही तोच ठरला.

५/
मिसेस कॅलाहनची भूमिका मेरी ड्रेसलर यांनी केली. त्यांचा जन्म १८६८ चा, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला. १९१४ मध्ये ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ या विनोदपटात त्यांनी चार्ली चॅप्लिनबरोबर काम केले होते आणि तेव्हा त्यांचे नाव चॅप्लिनपेक्षा मोठे होते. पण १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नाट्यकलावंतांनी संप केला, तेव्हा कोरसमधल्या मुलींच्या नव्या संघटनेचे अध्यक्षपद ड्रेसलर यांनी स्वीकारले. संप यशस्वी झाला. ड्रेसलर यांच्याकडे मात्र पुढे काम येईनासे झाले. साठीला टेकलेली, रूपाच्या रूढ कल्पनांत न बसणारी नटी म्हणून त्या जवळजवळ विस्मरणात गेल्या होत्या.

६/
त्यांना परत आणले ते फ्रान्सिस मॅरियन यांनी. मॅरियन त्या काळातल्या हॉलिवूडमधल्या सर्वांत मोठ्या पटकथाकारांपैकी एक होत्या आणि ड्रेसलर यांच्या जुन्या स्नेही. ‘कॅलाहन्स’ची पटकथा त्यांनी या भूमिकेसाठी मैत्रिणीला डोळ्यांपुढे ठेवून रचली आणि एमजीएमच्या इर्व्हिंग थालबर्ग यांच्या गळी उतरवली. म्हणजे या चित्रपटाच्या मुळाशी कोणाची चेष्टा करण्याचा बेत नव्हता. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीला काम मिळवून देण्यासाठी केलेली ती धडपड होती. पुढचे वादळ समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

७/
आणखी एक गुंतागुंत. मूळ कादंबरी कॅथलीन नॉरिस यांची. त्या स्वतः आयरिश-अमेरिकन आणि कॅथलिक, त्या काळातल्या अत्यंत लोकप्रिय लेखिका. मिसेस मर्फी झालेल्या पॉली मोरान शिकागोच्या आयरिश घरातल्या. एलन झालेली सॅली ओ’नील हीही आयरिश वंशाची. तेव्हा परक्यांनी आयरिशांची टवाळी केली असे सरळ म्हणता येत नाही. आपल्याच माणसांनी आपल्याला हसावे की नाही आणि हसायचे असेल तर कोणासमोर, असा खरा प्रश्न होता.

८/
त्याचे उत्तर शोधण्यासाठी ऐंशी वर्षे मागे जावे लागते. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या धक्क्यांवर उतरलेली ही माणसे भुकेली, अकुशल आणि कॅथलिक होती. प्रोटेस्टंट अमेरिकेला त्यांची भीती वाटली आणि किळसही. मजुरी, खोदकाम, घरकाम अशी खालची कामे त्यांच्या वाट्याला आली. आयरिशांनी अर्ज करू नयेत अशी सूचना असलेल्या नोकरीच्या जाहिराती त्यांच्या सामूहिक आठवणीत कायमच्या कोरल्या गेल्या.

९/
भीतीला चेहरा व्यंगचित्रांनी दिला. लंडनच्या ‘पंच’मध्ये आणि न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स वीकली’त आयरिश माणूस माकडतोंड्या दिसू लागला : पुढे आलेला जबडा, चपटे नाक, एका हातात बाटली, दुसऱ्यात दंडुका. अमेरिकेत थॉमस नास्ट हे या चित्रांचे सर्वांत प्रभावी चित्रकार. गुलामगिरीविरुद्ध आणि राजकीय भ्रष्टाचाराविरुद्ध ज्यांनी कुंचला परजला, त्याच नास्ट यांना आयरिश माणसात मात्र पशू दिसला. रंगभूमीवर हाच साचा ‘स्टेज आयरिशमन’ म्हणून उभा होता : बडबड्या, पियक्कड, भांडखोर, मनाने भोळा.

१०/
स्त्रियांसाठी वेगळा साचा होता. आयर्लंडातून अविवाहित मुली एकेकट्या मोठ्या संख्येने अमेरिकेत येत. इतर युरोपीय स्थलांतरितांत हे प्रमाण इतके नव्हते. त्यांतल्या बहुसंख्य मोलकरणी झाल्या. दुसऱ्यांची भांडी घासून त्यांनी मायदेशी पैसे पाठवले, धाकट्या भावंडांची तिकिटे काढली, गिरजाघरांच्या वर्गण्या भरल्या. मालकिणींच्या बैठकीत मात्र ही मुलगी ‘ब्रिजेट’ नावाचा विनोद होती : स्वयंपाक बिघडवणारी, चिनीमातीची भांडी फोडणारी, उलट बोलणारी ढोल बाई.

११/
सिनेमा जन्मला तेव्हा हा विनोद त्याला आयता मिळाला. एडिसन कंपनीचा १९०१ चा ‘द फिनिश ऑफ ब्रिजेट मॅकीन’ हा जेमतेम मिनिटभराचा चित्रपट. ब्रिजेट चुलीत रॉकेल ओतते, स्फोट होतो, ती छतातून उडून जाते आणि शेवटी पडद्यावर तिचे थडगे दिसते. प्रेक्षकांनी हसायचे ते या मृत्यूला. अशा लघुपटांत ब्रिजेटची भूमिका बऱ्याचदा पुरुषच लुगडी नेसल्यासारखा झगा चढवून करीत. कष्ट करणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या विनोदातही जागा नव्हती.

१२/
पण आयरिश लोकांना विनोदाचे वावडे होते, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड हॅरिगन आणि टोनी हार्ट या जोडीने ‘मलिगन गार्ड’ची नाटके गाजवली. त्यांत वस्तीतले आयरिश पितात, भांडतात, शेजाऱ्यांशी हमरीतुमरीवर येतात. नाटकाला गर्दी करीत ते बहुतांशी त्याच वस्त्यांतले आयरिश. हॅरिगन आणि हार्ट दोघेही आयरिश वंशाचे होते. तिथे हसणारा आणि हसवला जाणारा एकाच गल्लीत राहत होते. घरातल्या घरात काढलेल्या उखाळ्यापाखाळ्या होत्या त्या.

१३/
पुढच्या पिढीत ही सहनशीलता संपली. १९०७ मध्ये रसेल बंधूंचा ‘आयरिश सर्व्हंट गर्ल्स’ हा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये आयरिश प्रेक्षकांनी हुर्यो करून बंद पाडला. दोन पुरुष मोलकरणींच्या वेषात नाचत, पडत, धडपडत. हाच प्रयोग वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत आला होता. बदल प्रयोगात झाला नव्हता, प्रेक्षकांत झाला होता. मोलकरणींची मुले आता पोलीस, शिक्षिका, कारकून, वकील, धर्मगुरू झाली होती. खिडकीला लेसचे पडदे लावण्याइतकी ऐपत आली होती, म्हणून या नव्या मध्यमवर्गाला ‘लेस कर्टन आयरिश’ असे टोपणनावच पडले. रंगमंचावर जी बाई आपटत होती, ती यांची आई होती.

१४/
त्याच वर्षी, जानेवारी १९०७ मध्ये, डब्लिनच्या ॲबी थिएटरात जे. एम. सिंग यांच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या नाटकावरून दंगल झाली. आजच्या वाचकाला नवल वाटेल, पण भडका उडाला तो स्त्रियांच्या अंतर्वस्त्राला असलेल्या एका साध्या शब्दावरून. आयरिश स्त्रीत्वाचा अपमान झाला, अशी ओरड झाली. १९११ च्या नोव्हेंबरात हेच नाटक न्यूयॉर्कला आले तेव्हा रंगमंचावर बटाटे आणि दुर्गंधीचे गोळे पडले. १९१२ च्या जानेवारीत फिलाडेल्फियात नटांना अटक झाली. सिंग यांचे नाटक आज अभिजात मानले जाते. १९२७ मध्ये चित्रपटगृहांत जे घडले, त्याची रीत अशी आधीच घालून दिलेली होती.

१५/
व्यापाराच्या दृष्टीने मात्र आयरिश कुटुंब हा विसाव्या दशकातला हमखास चालणारा माल होता. ॲन निकोल्स यांचे ‘ॲबीज आयरिश रोज’ हे ज्यू मुलगा आणि आयरिश मुलगी यांच्या लग्नाचे विनोदी नाटक १९२२ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्याचे २,३२७ प्रयोग झाले. १९२६ मध्ये युनिव्हर्सलने ‘द कोहेन्स अँड केलीज’ काढला. त्यावर निकोल्स यांनी कथाचोरीचा दावा लावला. १९३० मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निकाल दिला, की भांडणारी दोन कुटुंबे आणि प्रेमात पडलेली मुले ही कल्पना कोणा एकाची मालमत्ता होऊ शकत नाही. साचा किती सार्वजनिक झाला होता, याचा हा न्यायालयीन दाखलाच म्हणावा लागेल. एमजीएमनेही याच बाजाराकडे पाहून गोट ॲली उभारली.

१६/
पण १९२७ हे साधे वर्ष नव्हते. १९२० पासून देशभर दारूबंदी होती आणि तिच्या समर्थकांच्या प्रचारात दारू, शहर, स्थलांतरित आणि कॅथलिक हे शब्द सहज एका माळेत ओवले जात. १९२४ च्या कायद्याने स्थलांतरितांचे दरवाजे आवळले होते. कू क्लक्स क्लॅन कृष्णवर्णीयांबरोबर ज्यू आणि कॅथलिक यांच्याविरुद्धही मोर्चे काढत होती. आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ, आयरिश वंशाचे कॅथलिक, राष्ट्राध्यक्षपदाकडे वाटचाल करीत होते. कॅथलिक माणूस देशाशी एकनिष्ठ राहू शकतो का, या जाहीर प्रश्नाला स्मिथ यांना त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘अटलांटिक मंथली’तून लेखी उत्तर द्यावे लागले होते.

१७/
हे ध्यानात घेऊन सहलीचे ते दृश्य पुन्हा पाहावे. दिवस कोणता, तर राष्ट्रीय संताचा. मद्यधुंद कोण, तर दोन कॅथलिक आया. दारू बेकायदा आहे, मुलगा त्याच धंद्यात आहे, मुलीला मूल झाले आहे आणि तिचे लग्न झाले आहे हे प्रेक्षकाला शेवटीच कळते. तत्कालीन वर्णनांनुसार दोघी एकमेकींच्या पोलक्यांत बिअर ओततात. ज्या समाजाला आपण सभ्य नागरिक आहोत हे रोज सिद्ध करावे लागत होते, त्याच्यासमोर विरोधकांच्या आरोपपत्राची प्रत्येक ओळ पडद्यावर हसत-खिदळत साकार झाली होती. हॅरिगनची गल्ली संपली होती. हा चित्रपट देशभर, क्लॅनचे सभासदही ज्यांत बसत अशा चित्रपटगृहांत, दाखवला जात होता.

१८/
प्रारंभी व्यवसाय चांगला चालला. समीक्षकांनीही ड्रेसलर-मोरान जोडीचे कौतुक केले. मग ‘आयरिश वर्ल्ड’ आणि ‘गेलिक अमेरिकन’ या पत्रांनी हल्ला चढवला. एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स ही जुनी बंधुसंघटना आणि इतर आयरिश मंडळे पुढे सरसावली. कॅथलिक वर्तुळांतूनही नापसंती व्यक्त झाली. स्टुडिओने आधी कात्री चालवून पाहिले. आक्षेपार्ह दृश्ये आणि आयरिशपणाच्या खुणा छाटल्या. निषेध थांबला नाही. चित्रपटगृहांत गोंधळ झाले, अटका झाल्या. शहरोशहरीच्या चित्रपटगृहमालकांना आपल्या खुर्च्यांची आणि पडद्यांची काळजी वाटू लागली. अखेर एमजीएमने चित्रपट मागे घेतला.

१९/
एवढ्या बलाढ्य कंपनीने माघार का घेतली? संतापाचे प्रमाण हे एक कारण. पण त्याहून महत्त्वाचे होते ते संतापलेल्यांचे स्थान. १९२७ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर जिमी वॉकर आयरिश होते, गव्हर्नर आयरिश होते, पोलीस दलात आयरिशांचा भरणा होता. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांत तिकिटे काढणाऱ्यांत कॅथलिकांचा वाटा मोठा होता आणि परगण्यापरगण्यातल्या गिरजाघरांतून एकच निरोप एकाच रविवारी सर्वांपर्यंत पोहोचू शकत होता. स्टुडिओने पश्चात्ताप केला की हिशेब, हे ठरवायला फार पुरावा लागत नाही.

२०/
इथे एक तुलना टाळता येत नाही. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. त्यात कृष्णवर्णीयांना हिंस्र आणि क्लॅनला तारणहार म्हणून रंगवले होते. एनएएसीपी या संघटनेने शहरोशहरी निषेध केला, मोर्चे काढले, अधिकाऱ्यांकडे अर्ज केले. काही ठिकाणी बंदी आली, काही दृश्ये कापली गेली. चित्रपट मात्र वर्षानुवर्षे चालला आणि त्याने अमाप पैसा मिळवला. क्लॅनच्या पुनर्जन्मालाही त्याचा हातभार लागला. अपमान त्या चित्रपटात कितीतरी घोर होता. तरी बारा वर्षांनी दोन आयांचे भांडण मागे घेतले गेले आणि तो चित्रपट नाही. कोणाचा अपमान अपमान म्हणून मोजला जातो, हे अपमानाच्या तीव्रतेवर ठरत नाही. दाद मागणारा शिडीच्या कितव्या पायरीवर उभा आहे, यावर ते ठरते. १९२७ चे आयरिश शिडीच्या मध्यावर होते : दुखावले जाण्याइतके खाली आणि ऐकले जाण्याइतके वर.

२१/
परिणाम दूरवर गेले. चित्रपट उद्योगाच्या संघटनेने विल हेज यांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्येच निर्मात्यांसाठी एक यादी तयार केली : अकरा गोष्टी वर्ज्य, पंचवीस जपून हाताळण्याच्या. वर्ज्य गोष्टींत कोणत्याही राष्ट्राचा, वंशाचा वा धर्माचा हेतुपुरस्सर अपमान हीही एक होती. यादी एका चित्रपटामुळे झाली असे म्हणणे चूक ठरेल; पण संघटित कॅथलिक नाराजी किती महाग पडते, हे उद्योगाने त्या उन्हाळ्यात जवळून पाहिले. १९३० ची चित्रपट-आचारसंहिता कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली आणि जेझुइट धर्मगुरू डॅनियल लॉर्ड यांनी लिहिली. १९३४ पासून तिची काटेकोर अंमलबजावणी करणारे अधिकारी होते जोसेफ ब्रीन, फिलाडेल्फियाचे आयरिश कॅथलिक.

२२/
पडद्यावरचा आयरिश माणूस मग बदलला. १९३८ च्या ‘बॉइज टाउन’मध्ये स्पेन्सर ट्रेसी आणि ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’मध्ये पॅट ओ’ब्रायन कनवाळू धर्मगुरू झाले. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’त बिंग क्रॉस्बी गाणारे धर्मगुरू झाले आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. दंडुका गेला, जपमाळ आली. एका साच्याची जागा दुसऱ्या, अधिक सुखद साच्याने घेतली. पियक्कड आईच्या जागी आली ती खिडकीत दिवा लावून वाट पाहणारी, बोलायला फारसे काही नसलेली पांढऱ्या केसांची आई.

२३/
इथेच हिशेबाची दुसरी बाजू दिसते. निषेध करणाऱ्या संघटनांची सूत्रे प्रामुख्याने पुरुषांच्या हाती होती आणि ‘आयरिश मातृत्वाचा सन्मान’ ही त्यांची घोषणा होती. गोट ॲलीसारख्या वस्त्यांत दिवसभर धुणी धुऊन, संध्याकाळी जिन्यात बसून शेजारणीशी मोठ्याने हसणाऱ्या खऱ्या आयांना हा चित्रपट कसा वाटला, हे कोणी टिपून ठेवले नाही. त्यांतल्या काहींना आपली लाज काढली असे वाटले असेल. काहींना, आयुष्यात प्रथमच आपल्या वयाची आणि आकाराची बाई चित्रपटाची नायिका झालेली पाहून, हसता हसता डोळे पुसावेसे वाटले असतील. त्यांच्या वतीने बोलणारे पुष्कळ होते. त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

२४/
ड्रेसलर यांचे पुढे काय झाले? पहिला चित्रपट मागे घेतला गेल्यावर त्यांना पुन्हा थांबावे लागले. मॅरियन यांनी मात्र साथ सोडली नाही. १९३० च्या ‘ॲना क्रिस्टी’त ग्रेटा गार्बोच्या शेजारी ड्रेसलर उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या ‘मिन अँड बिल’मध्ये, मॅरियन यांचीच पटकथा आणि हिल यांचेच दिग्दर्शन असताना, त्या धक्क्यावरच्या खाणावळीच्या मालकीण झाल्या : तशीच तोंडाळ, तशीच मारकुटी, परक्या मुलीसाठी सर्वस्व देणारी. या भूमिकेने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर मिळवून दिला. १९३२ आणि १९३३ मध्ये चित्रपटगृहमालकांच्या मतदानात त्या अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकाच्या तारका होत्या. मोरान यांच्यासह त्यांची जोडीही पुढे अनेक चित्रपटांत चालली. मिसेस कॅलाहन परत आली होती. फक्त आता ती आयरिश नव्हती.

२५/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत अवघड भाग. अमेरिकेतल्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णपणे हरवले आहेत. फिती जळल्या, कुजल्या, चांदीसाठी वितळवल्या गेल्या. तेव्हा ‘कॅलाहन्स’ निषेधामुळे हरवला, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण एमजीएमने आपले मूकपट इतर स्टुडिओंच्या तुलनेत बरेच जपले होते, हेही खरे. जो चित्रपट पुन्हा दाखवायचा नाही, त्याची प्रत जपण्याची निकड कोणाला वाटणार?

२६/
मागे उरले ते परीक्षणे, जाहिराती, छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि निषेधाचे अग्रलेख. संतापलेल्या माणसाने लिहून ठेवलेले असते. हसलेला माणूस घरी जाऊन झोपतो. म्हणून या चित्रपटाचा जो इतिहास लिहिता येतो, त्यात रागाचे पुरावे भरपूर आहेत आणि हसण्याचे जवळजवळ नाहीत. सहलीचे दृश्य क्रूर होते की मायेने रंगवलेले, ड्रेसलर यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी टवाळी होती की ओळखीचे दुःख, हे आता पाहून ठरवता येत नाही. फिर्याद उपलब्ध आहे, निकाल उपलब्ध आहे. आरोपी मात्र न्यायालयातून नाहीसा झाला आहे.

२७/
म्हणून दोन सोपे निष्कर्ष टाळावेत. पहिला, की त्या लोकांना विनोद कळत नव्हता. त्यांना तो चांगलाच कळत होता. ऐंशी वर्षे त्याची किंमत त्यांनी नोकऱ्यांत, निवडणुकांत आणि रस्त्यावर मोजली होती. ती पुढेही चुकली नाही : १९२८ मध्ये अल स्मिथ यांच्या पराभवाला इतर कारणे होती, तरी त्यांच्या धर्माविरुद्धचा विखारी प्रचार त्यांतले एक मोठे कारण होते. दुसरा निष्कर्ष, की दुखावल्या गेलेल्यांचा विजय म्हणजे न्यायाचा विजय. तो विजय झाला, आणि त्याबरोबर दोन बेशिस्त, जिवंत बायका पडद्यावरून पुसल्या गेल्या.

२८/
दुष्काळातून निसटून आलेली, दुसऱ्यांच्या घरची चूल पेटवणारी मुलगी व्यंगचित्रात माकड होती, लघुपटात स्फोटाने उडणारी बाहुली होती आणि नंतर खिडकीतली मूर्ती झाली. या दोन टोकांच्या मध्ये, १९२७ च्या उन्हाळ्यात काही आठवडे, ती गोट ॲलीतली कॅलाहनबाई होती : चुकणारी, भांडणारी, नातवंडाला पदरात घेणारी. तिच्यावर हसलेल्यांपैकी आणि रागावलेल्यांपैकी आज कोणीही हयात नाही. एखाद्या संग्रहालयाच्या तळघरात, चुकीचे नाव लिहिलेल्या डब्यात ती फीत कधी काळी सापडलीच, तर तिला पहिल्यांदा असा प्रेक्षक मिळेल ज्याला तिच्याकडून काही सिद्ध करून घ्यायचे नाही. तोवर तिच्याविषयी निवाडा देण्यापेक्षा तिची जागा रिकामी ठेवणे अधिक प्रामाणिक आहे.

(धागा समाप्त)